छापखाना जिना चढत नाही

मा. अध्यक्ष, मा. कार्यवाह आणि सर्व विश्वस्त यांस,

स. न. वि. वि.

संस्थेचे नाव या पत्रात मुद्दाम लिहीत नाही. पत्र आपल्याला आहे हे आपल्याला लगेच कळेल आणि इतरांना नावाची गरज नाही. पुण्याच्या पेठांमध्ये सध्या इतक्या वाड्यांच्या दारात बिल्डरांचे फलक उभे आहेत की वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांना हे आपल्याच मालकांना लिहिले आहे असे वाटेल. वाटू दे.

आपले चार ओळींचे पत्र मिळाले. वाड्याचा पुनर्विकास होणार आहे. तळमजल्यावर पार्किंग आणि रस्त्याच्या बाजूला दोन शोरूम येतील. जुन्या 'व्यवसायिक' भाडेकरूंना दुसऱ्या मजल्यावर तेवढ्याच क्षेत्रफळाची जागा मिळेल, तरी ६० दिवसांत जागा रिकामी करून सहकार्य करावे. हे पत्र ज्या लेटरहेडवर आले ते आमच्याच मशीनवर छापलेले आहे. बोधचिन्ह तांबडे, मजकूर काळा, म्हणजे कागद दोनदा मशीनवर चढवलेला. त्याच्या बिलाचे पैसे अजून यायचे आहेत, पण ते पुढे लिहिते. आणि शब्द 'व्यावसायिक' असा आहे. प्रूफ आमच्याकडे आले असते तर एवढे तरी सुधारून दिले असते.

आम्ही दोघे नवरा-बायको हा छापखाना चालवतो. माझ्या सासऱ्यांनी १९५७ साली नारायण पेठेतल्या या वाड्यात एक ट्रेडल, म्हणजे जुन्या पद्धतीचे छपाईचे यंत्र, आणि खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, थोड्या केसी (खणांच्या पेट्या) घेऊन तो सुरू केला. नवऱ्याने महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ प्रिंटिंग टेक्नॉलॉजीतून डिप्लोमा केला. मी लग्नाआधी डीटीपीची कामे करत होते. आता मशीन तो बघतो. कॉम्प्युटर, प्रूफ, हिशेब आणि भांडणे माझ्याकडे आहेत, म्हणून हे पत्र मी लिहिते आहे. तिसरा माणूस लग्नसराईत आणि निवडणुकीत तेवढा येतो.

४२० चौरस फुटांत डेमी या कागदाच्या मापाचे एक एकरंगी ऑफसेट छपाईयंत्र आहे, चेकोस्लोव्हाकियात बनलेले, २००४ साली सेकंडहँड घेतलेले. ते नवऱ्यापेक्षा जास्त ऐकते. एक डिजिटल डुप्लिकेटर आहे, प्रश्नपत्रिका आणि पत्रकांसाठी. एक कटिंग मशीन. आणि सासऱ्यांचे ट्रेडल, ज्यावर आता अक्षरे छापत नाही, पण नंबरिंग, परफोरेशन (फाडण्यासाठीची भोके) आणि क्रीझ (घडीची रेघ) अजून त्यावरच होते. पावती पुस्तकाची पावती सरळ फाटते ती त्या ट्रेडलमुळे.

आता आपल्याच संस्थेची एक गोष्ट. ती आपल्या दप्तरात असेल की नाही ठाऊक नाही, आमच्या घरात आहे.

१२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटले तेव्हा या तळमजल्यात पाणी शिरले. छापखाना चार वर्षांचा होता आणि कर्ज त्याहून जुने. केसी उलटल्या आणि खिळे चिखलात गेले. त्या वेळच्या अध्यक्षांनी संस्थेच्या सभागृहाची गच्ची उघडून दिली. खिळे चिखलातून गाळले, सोड्याच्या पाण्यात धुतले आणि गच्चीवर पंचे पसरून वाळवले. सासूबाई आणि वाड्यातल्या बायका कितीतरी दिवस मांडी घालून 'क' काढून 'क'च्या खणात, 'ख' काढून 'ख'च्या खणात टाकत बसल्या होत्या. त्यातल्या दोघींना वाचता येत नव्हते. त्या आकारावरून लावायच्या, आणि सासरे म्हणत की सगळ्यांत कमी चुका त्यांच्याच. रफाराचे खिळे बरेच वाहून गेले. त्यामुळे पुढे वर्षभर सासरे गिऱ्हाइकाला 'वर्ष'ऐवजी 'साल' लिहा, 'सर्व'ऐवजी 'सगळे' लिहा असे सुचवत. संस्थेने सहा महिने भाडे मागितले नाही. पाण्याची रेघ अजून आमच्या भिंतीवर आहे. रंग देताना आम्ही तेवढा पट्टा सोडतो.

त्या अध्यक्षांच्या खुर्चीवर आज जे बसले आहेत, त्यांच्याशी बोलायला आम्हाला खुले पत्र लिहावे लागते, याचे वाईट वाटते.

तक्रारी सांगते.

पहिली आणि सगळ्यांत मोठी. 'तेवढ्याच क्षेत्रफळाची जागा' हे वाक्य ज्याने लिहिले त्याने आमचे मशीन कधी पाहिलेले नाही. त्याचे वजन दीड टनाच्या वर आहे. ते उभे राहते चारेक चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला चारशे किलोच्या आसपास भार झाला. राहत्या इमारतीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दोनशे किलो धरून काढतात. त्यात मशीन नुसते उभे राहत नाही, तासाला हजारो कागद ओढताना हादरते. वरचे बिऱ्हाडकरू आत्ताच तक्रार करतात, आणि त्यांची तक्रार खरी आहे. आम्ही खाली रबराचे पॅड घातले, रात्री नऊनंतर मशीन लावत नाही. दुसऱ्या मजल्यावर गेल्यावर पहिल्या मजल्यावरच्यांच्या डोक्यावर तो हादरा बसेल. तेव्हा ते आपल्याकडे येतील आणि आपण आम्हाला आणखी एक चार ओळींचे पत्र पाठवाल.

नव्या नकाशात सहा माणसांची लिफ्ट दाखवली आहे. सहा माणसांची म्हणजे ४०८ किलोची. मशीन तीत जायचे नाहीच, पण रोजचा कागद? ७० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅमच्या, डेमी कागदाची एक रीम (५०० ताव) सव्वानऊ किलो भरते. १६० पानांचे, ५०० प्रतींचे साधे पुस्तक घेतले तर सोळा-सोळा पानांचे १० फर्मे, १० रिमा, वर वाया जाणारा कागद. एका पुस्तकाला शंभर किलो कागद वर जाणार, छापून खाली येणार, बाइंडरकडे जाणार. हे लिफ्टमधून करायचे आणि त्याच लिफ्टने वरच्या आजींनी डॉक्टरकडे जायचे. भांडण नकाशातच काढून ठेवले आहे.

क्षेत्रफळ तेवढेच आहे हे मान्य. विहीर आणि गच्चीचेही क्षेत्रफळ तेवढेच असू शकते.

दुसरी तक्रार, आम्हाला कुणी विचारले नाही. वरच्या बिऱ्हाडांची बैठक झाली, बिल्डरने सभागृहात पडद्यावर चित्रे दाखवली, चहा-वडे झाले. खालच्या तीन गाळ्यांना, म्हणजे आम्हाला, बाइंडरला आणि लॅमिनेशनवाल्याला बोलावणे नव्हते. वडे कुणाकडून आले ते आम्हाला माहीत आहे, कारण बैठकीची बातमी आम्हाला त्यानेच दिली. आम्ही भाडे वेळेवर भरतो. २०२० साली दोनदा उशीर झाला, तो तेव्हाच कळवला होता आणि पुढे चुकता केला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आम्ही अलीकडेच पहिल्यांदा उघडून वाचला. आजवर गरज पडली नव्हती. विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकायची किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आपला करार त्यात बसतो की नाही ते वकील सांगतील. पण अर्ज केला असेल तर त्यात आम्हा तिघांबद्दल काय लिहिले आहे, ते आम्हाला वाचायचे आहे.

तिसरी, मधल्या काळाची. वरच्या बिऱ्हाडांना बांधकाम होईपर्यंतचे भाडे मिळणार असे बैठकीत सांगितले गेले. आमच्याबद्दल विचारल्यावर कार्यालयातून उत्तर आले, 'बघू.' मशीन म्हणजे कपाट नव्हे. ते सुटे करून न्यायचे, नव्या जागी लेव्हल धरून बसवायचे आणि थ्री-फेज जोडणी घ्यायची. बंद राहिले तर रोलर कडक होतात. आणि गिऱ्हाईक त्याहून लवकर कडक होते. तीन महिने दार बंद दिसले की तो दुसरीकडे जातो, आणि त्यात त्याची चूक नसते.

चौथी लहान आहे, पण लिहिते. संस्थेची तीन बिले थकली आहेत, त्यातले सगळ्यांत जुने १४ महिन्यांचे. कागद आम्ही रोखीने आणतो. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटीही १२ वरून १८ टक्के झाला आहे. लहान उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज द्यावे, असे २००६चा कायदा म्हणतो. आम्हाला व्याज नको. पण ज्याची बिले थकवली त्यालाच 'सहकार्य करावे' असे लिहिताना लेखणी थोडी अडखळायला हवी होती.

मध्यंतरी आपल्यापैकी एका विश्वस्तांनी रस्त्यात भेटल्यावर चांगल्या मनाने सल्ला दिला, 'नऱ्ह्याला किंवा धायरीला शेड घ्या, मोठी जागा मिळेल, टेम्पो आत येईल.' त्यांचा हेतू खरोखर चांगला होता, म्हणून उत्तर नीट देते.

लहान छापखाना एकटा कधीच नसतो. आमच्याकडे छपाईची प्लेट निघत नाही, ती दोन गल्ल्या पलीकडे निघते. लॅमिनेशन शेजारच्या गाळ्यात, बाइंडिंग त्याच्या पलीकडे, पाकिटे आणि डाय-पंचिंग चौकात. फर्म्यांच्या घड्या घालायला आसपासच्या घरांतल्या पाच-सहा बायका आहेत. स्वयंपाक आटोपला की गठ्ठा घरी नेतात आणि संध्याकाळी आणून देतात. अप्पा बळवंत चौकातले पुस्तकवाले चालत येतात. हे सगळे मिळून एक छापखाना होतो, आमच्या गाळ्यात त्याचे फक्त मशीन आहे. नऱ्ह्याला मशीन चालेल. छापखाना चालणार नाही.

आणि माणसे. आमच्या दारात कोण येते ते कधी खुर्ची टाकून बघा. सकाळी स्पर्धा परीक्षेची मुले येतात. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, अभ्यासिकेत बारा तास बसणारी. त्यांच्या नोट्स डुप्लिकेटरवर काढून देतो, मास्टरचा, म्हणजे डुप्लिकेटरवर चढणाऱ्या स्टेन्सिलचा, खर्च गटात वाटला की पान झेरॉक्सच्या निम्म्याहून कमीत पडते. दुपारी निवृत्त शिक्षक येतात, ६४ पानांचे आत्मचरित्र घेऊन, शंभर प्रती, नातेवाइकांना वाटायला. ते प्रूफ तीनदा वाचतात आणि चौथ्यांदा एक परिच्छेद वाढवतात. घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेची पावती पुस्तके आमच्याकडे होतात, पैसे हप्त्याने. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा एका दिंडीसाठी हरिपाठाची छोटी पुस्तिका छापतो. कागद त्यांचा, छपाई आमची. रात्री साडेआठला कुणीतरी गप्प उभे राहते आणि आम्ही न विचारताच ओळखतो की दशक्रियेची पत्रिका आहे. अशा कामाला आधी पैसे घेत नाही. २०२०च्या टाळेबंदीत धान्यवाटपाच्या कुपनांची पुस्तके याच ट्रेडलवर नंबर मारून दिली, कारण नंबर नसला तर एकाच घरी दोनदा आणि दुसऱ्या घरी एकदाही नाही, असे होत होते. कटिंगमधून उरलेल्या पट्ट्यांच्या वह्या शिवून महापालिकेच्या शाळेत देतो. त्यांना उपकार म्हणू नका. पट्ट्या रद्दीत गेल्या असत्या.

यातला एकही माणूस नऱ्ह्याला येणार नाही. दुसऱ्या मजल्यावर निम्मे येतील, आणि ते गुडघे शाबूत असलेले निम्मे.

आम्ही सगळेच छापतो असेही नाही. शिवीगाळीचे पत्रक, नाव न घालता कुणावर चिखलफेक, हे परत पाठवतो. निवडणुकीत 'खाली तुमचे नाव नको' म्हणणारे हमखास येतात. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-कप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ते सांगितले की दुसरीकडे जातात. आमचा पत्ता कागदाच्या तळाशी इतकी वर्षे बारीक अक्षरांत छापला जातो आहे. त्यावर एकदाही पोलीस आलेले नाहीत. वाचक मात्र चुका दाखवायला अनेकदा आले आहेत, पुण्यात ते चालायचेच.

आपल्या वर्धापनदिनाला दरवर्षी कुणीतरी वक्ता टिळक-आगरकरांनी छापखान्याचे सामान स्वतः वाहून नेल्याची गोष्ट सांगतो आणि टाळ्या पडतात. निमंत्रण पत्रिका आमची असल्यामुळे मी समोरच असते. ४ जानेवारी १८८१ला 'केसरी' निघाला, ते सांगावेच. कधी हेही सांगावे की त्याच्या चार वर्षे आधी, १८७७ साली, कृष्णराव भालेकरांनी याच शहरातून 'दीनबंधु' काढला होता. त्याच्या वाट्याला टाळ्या कमी आल्या. पण मला सांगायचे आहे ते निराळेच. सामान वाहून नेण्याची गोष्ट ऐकायला फार छान वाटते. नेणाऱ्यांना, कुठे न्यायचे ते माहीत असावे लागते.

पुनर्विकासाला आमचा विरोध नाही, हे ठळक अक्षरांत वाचावे. वाड्याचे खांब वाळवीने पोकळ झाले आहेत. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत पडली तेव्हा आम्हीच आपल्याला फोन केला होता. वरच्या नऊ बिऱ्हाडांना नळ आणि संडास घरात हवे आहेत, ते त्यांना मिळायला हवेत. संस्थेलाही पैसा हवा आहे, ग्रंथालयाचे छत गळते. आमच्यामुळे हे अडावे असे आम्हाला वाटत नाही. शोरूमचे भाडे आमच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त येईल, हेही आम्हाला कळते. आम्ही भाडे वाढवायला तयार आहोत. किती, ते बसून ठरवू. शोरूमइतके देऊ शकणार नाही.

मागण्या अशा. आम्हा तीन गाळ्यांना नव्या इमारतीत तळमजल्यावरच जागा द्यावी. रस्त्याची बाजू नको, मागची चालेल, पार्किंगच्या आतली चालेल, फक्त हातगाडी दारापर्यंत यावी आणि जमीन भरीव असावी. थ्री-फेज जोडणी नकाशात आत्ताच दाखवावी. बांधकामाच्या काळात पेठेतच, चालत जाण्याच्या अंतरावर, पर्यायी जागा किंवा तिचे भाडे मिळावे, आणि मशीन हलवण्या-बसवण्याचा खर्च विकसकाच्या करारात घालावा. हे सगळे नोंदणीकृत करारात असावे, 'बघू'मध्ये नव्हे. करार होईपर्यंत ६० दिवसांची मुदत मागे घ्यावी. धर्मादाय आयुक्तांकडे काही अर्ज केला असल्यास त्याची प्रत द्यावी. थकलेली तीन बिले चुकती करावीत. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा फोटो काढून तो नव्या इमारतीत कुठेतरी लावता आला तर पाहावे. ही शेवटची मागणी नाही, विनंती आहे.

हे पत्र आम्ही पाचशे प्रती छापून पेठेत वाटतो आहोत आणि फोनवरूनही पाठवतो आहोत. त्यात एकही वाकडा शब्द राहू नये म्हणून नवऱ्याने तीनदा प्रूफ वाचले आणि दोन वाक्ये काढायला लावली. दोन्ही वाक्ये चांगली होती.

गुरुवारी मशीन बंद असते. आपल्यापैकी कुणीही या, इंजिनिअरला आणि विकसकाच्या माणसाला घेऊन या. मोजायला टेप आमच्याकडे आहे.

कळावे,
आपले मुद्रक आणि भाडेकरू
तळमजला, नारायण पेठ, पुणे ३०

ता. क. संस्थेच्या वार्षिक अहवालाचे दुसरे प्रूफ तयार आहे. पान ३ वर संस्थेच्या उद्दिष्टांत 'ज्ञानप्रसाराच्या कार्यास सहाय्य' असे होते, ते 'साहाय्य' केले आहे. वाचून, सही करून परत पाठवावे, म्हणजे मशीनवर घेता येईल.